पाय डबक्यात, डोकं ढगात

नमस्कार मंडळी! मे महिन्याच्या अंकात मी सहज एक ओळ लिहून गेले होते की मुंबईत गच्चीवर खजुराचं रोप लागतं, आरामात लागतं. आता जुलैत त्याची परतफेड चालू आहे. आलेल्या पत्रांतली निम्मी पत्रं एकच विचारतायत, ताई लागला होता पण आता मरतोय का? त्यामुळे यावेळी गुलाब, मोगरा, कढीपत्ता सगळे वेटिंगवर, फक्त वाळवंटातले पाम घेऊया. पत्रं थोडी छाटलीयेत, काही जणांनी तर पानं दोन्ही बाजूंनी भरून लिहिलंय.

प्रश्न: ताई, लॉकडाऊनमध्ये मुलीनं खजूर खाऊन बिया कुंडीत खोचल्या होत्या. त्यातलं एक झाड आज साडेचार फूट झालंय, अर्ध्या कापलेल्या निळ्या ड्रममध्ये आहे. जूनपर्यंत मस्त होतं. आता खालची पानं पिवळी पडतायत, त्यावर काळे खरखरीत ठिपके आलेत, आणि परवा मधली नवीन मिटलेली पात हातानं जरा ओढली तर सरळ बाहेरच आली हो! मुलगी रडतेय. वाचेल का? (मुलुंड)

तीन वेगळ्या गोष्टी आहेत, तुम्ही तिन्हीची मिळून एक भीती करून घेतलीये.

आधी काळे ठिपके. भिंग असेल तर बघा, नसेल तर मोबाईलचा कॅमेरा झूम करा. बारीक काळी चामखीळ दिसेल, कडक, आणि मधून पिवळसर धाग्यांचा झुपका डोकावत असेल, बोटानं चोळलं की पिवळी पूड लागते. ही ग्राफिओला नावाची बुरशी. लोकांना वाटतं खवले कीड आहे आणि ते कीटकनाशक मारत बसतात, काही उपयोग होत नाही. दमट हवेतल्या खजुराला ही येतेच, आपल्याकडे तर हमखास. झाड मरत नाही हिच्यानं, म्हाताऱ्या पानांवरच जास्त असते. फारच भरलेली दोन-तीन पानं काढा, बाकी राहू द्या.

मग पिवळेपणा. पानाचा मधला भाग हिरवा आणि कडेनं लिंबासारखा पिवळा पट्टा असेल तर मॅग्नेशियम कमी पडतंय, आणि पानावर केशरी-पिवळे ठिपके, उजेडात धरलं तर आरपार दिसणारे, असतील तर पोटॅश कमी पडतंय. दोन्ही पावसानं धुऊन जातात. ड्रमवर चार महिने धो धो पाणी ओतल्यावर खालच्या भोकातून जे तांबडं पाणी वाहतं ना, त्यातून तुमचं खतच चाललेलं असतं. आणि इथे सगळे एक चूक करतात, मीही केली, पिवळी पानं दिसली की कात्री. नका कापू! झाड त्या म्हाताऱ्या पानातलं पोटॅश काढून नव्या पानाला देत असतं, ते पान कापलं की ते त्याच्या वरच्या पानातून ओढायला लागतं, म्हणजे पिवळेपणा एक मजला वर चढतो. पूर्ण तपकिरी झालं की मगच काढा. पाऊस ओसरला की सप्टेंबरअखेरीस दोन चमचे एप्सम सॉल्ट (मॅग्नेशियमसाठी) आणि सल्फेट ऑफ पोटॅश द्या, आत्ता नको, आत्ता दिलं तर ते खालच्या मजल्यावरच्यांच्या झाडांना मिळेल.

आता ती पात. ही खरी काळजीची गोष्ट. नारळवाले हिला कोंब कुजणे म्हणतात. पामला वाढायला जागा एकच, वरचा गाभा. आंब्याची फांदी गेली तर दुसरी फुटते, इथे गाभा गेला की त्या खोडाचा कारभार आटोपला. म्हणून ओढलेल्या पातीचं खालचं टोक नाकाशी न्या. घाण वाटेल, पण न्या. आंबलेल्या पेजेसारखा वास आणि बुळबुळीत तपकिरी लगदा असेल तर कूज चालू आहे. टोक पांढरं, कोरडं, नुसतं तुटल्यासारखं असेल तर वाचण्याचा चान्स बराच आहे.

करायचं काय: ड्रम पावसातून बाजूला, जिन्याच्या शेडखाली घ्या, पण अंधारात नको. गाभ्यात जेवढा लगदा हाताला येतो तेवढा चमच्यानं खरवडून काढा. जुना चमचा घ्या, परत घरात नेऊ नका. मग ड्रम दोन विटांवर तिरका करा म्हणजे गाभ्यातलं पाणी ओघळून जाईल, आणि कॉपर ऑक्सिक्लोराइड लिटरला तीन ग्रॅम या हिशोबानं गाभ्यात ओता, हातमोजे घालून. दहा-बारा दिवसांनी एकदा परत. त्याच्यापुढे सारखं सारखं नको, तांबं साठत जातं. मग वाट बघायची. दीड-दोन महिन्यांत नवीन पात वाकडीतिकडी, टोक कापल्यासारखी वर आली तर जिंकलात. तिसरी-चौथी पात सरळ येते. मुलीला सांगा, आत्ता रडून घेऊ नको, गणपतीपर्यंत थांब. शिवाय बियांपासूनच्या खजुराला बुडातून पिल्लंही फुटतात, गाभा गेला तरी कधीकधी पिल्लू घर चालवतं.

आणि मूळ कारण तो ड्रम. तुम्ही लिहिलंय की माती "लाल माती, शेणखत आणि भरपूर कोकोपीट". कोकोपीट म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, पाणी धरून ठेवणारा, त्यानंच घात केला. मराठीत शेतकऱ्यांचा एक फार सुंदर शब्द आहे, वाफसा. जमिनीत ओल आहे पण चिखल नाही, मातीच्या कणांमध्ये हवा खेळतेय, मुठीत दाबली तर गोळा होतो आणि टिचकी मारली तर फुटतो, तो वाफसा. लोक समजतात वाळवंटातल्या झाडाला पाणी आवडत नाही. खोटं आहे ते! खजूर वाळवंटात उगवतो म्हणजे झऱ्याकाठी, ओअॅसिसमध्ये उगवतो, त्याची मुळं खाली पाण्यापर्यंत गेलेली असतात. अरबांची म्हणच आहे की खजुराला पाय पाण्यात आणि डोकं आगीत हवं. त्याला पाणी पाहिजे, पण खेळतं पाणी आणि हवा पाहिजे. आपण त्याला देतो पाय डबक्यात आणि डोकं ढगात.

तर ऑक्टोबरमध्ये माती बदला. एक भाग लाल माती, एक भाग भरड वाळू, एक भाग बारीक खडी नाहीतर विटांचे तुकडे (धुऊन घ्या, नाहीतर विटांची भुकटी खाली बसून सिमेंटसारखी होते), आणि ओंजळभर जुनं शेणखत. बस. ड्रमला तळाला भोकं असतील तर बाजूलाही, तळापासून दोन बोटं वर, चार भोकं पाडा, कारण तळाची भोकं गच्चीच्या लादीला चिकटून बंद होतात आणि आपल्याला कळतही नाही. ड्रमखाली विटा हव्यातच. अर्धा ड्रम ओल्या मातीसकट दीडशे किलोच्या घरात जातो, म्हणून तो बीमच्या वर किंवा पॅरापेटच्या कडेला ठेवा, मध्यभागी नको, आणि सेक्रेटरीला वॉटरप्रूफिंगचं काम निघण्याआधीच सांगून ठेवा. नंतर सांगितलं की काय होतं ते मला विचारू नका.

प्रश्न: आमच्या सोसायटीच्या गेटवर बिल्डरनं दोन मोठे खजूर लावून दिलेत. एकाला दरवर्षी पिवळी फळं येतात, गळतात, कुजतात, माश्या होतात. दुसऱ्याला काहीच येत नाही. कमिटीत दोन पार्ट्या पडल्यात. एक म्हणते फळ खाण्यालायक करता येतं का बघा, दुसरी म्हणते तोडून टाका. (चेंबूर, सोसायटीचे खजिनदार)

काका, आधी ते खजूर आहेत का ते बघा. मला फोटोवरून दोन्ही शिंदी वाटतायत. बिल्डर लोक ब्रोशरमध्ये "डेट पाम" छापतात आणि लावतात शिंदी. यात फसवणूक झाली असं मी म्हणणार नाही, उलट तुमचं नशीब. शिंदी आपली इथलीच, भारतातली, नीरा जिची काढतात ती (ताडाचीही काढतात). तिला मुंबईचा पाऊस नवा नाही. ओळखायचं कसं? खजुराची पानं राखाडी-निळसर, ताठ, आणि लहानपणी बुडाशी पिल्लं फुटतात. शिंदीचं खोड कायम एकटं, पानं जास्त हिरवी, आणि पानाच्या दांड्यावरच्या पात्या एका रेषेत नसतात, झुपक्याझुपक्यानं वेगवेगळ्या दिशांना उभ्या राहतात, विंचरलेलं नसल्यासारख्या. फळ इंचभर, केशरी-पिवळं, बी मोठी आणि गर नावाला. आमच्या लहानपणी आम्ही गावाला खायचो, तोंड तुरट व्हायचं आणि तरी खायचो.

दुसऱ्याला फळ का नाही, तर तो नर आहे. शिंदी काय, खजूर काय, नर झाड वेगळं, मादी वेगळी. बी पेरली तर निम्मे नर निघतात म्हणूनच खजूरवाले बी पेरत नाहीत, पिल्लं लावतात नाहीतर टिश्यू कल्चरची रोपं आणतात, आणि नराचा फुलोरा हातानं मादीला लावतात. मुलुंडच्या ताई, तुमच्या ड्रमबद्दलही हेच, आत्ताच सांगून ठेवते. फळाची आशा पन्नास टक्क्यांवर ठेवा.

आणि समजा तुमच्याकडे खरा खजूर, खरी मादी, शेजारी खरा नर असला, तरी मुंबईत पेंडखजूर होणार नाही. हिशोब करा ना. फुलोरा जानेवारी ते मार्चमध्ये, फळ तयार व्हायला पाच-सहा महिने, म्हणजे बरोब्बर जून-जुलै-ऑगस्ट. अरबीत फळाच्या अवस्थांना वेगळी नावं आहेत, कडक आणि रंगीत ती खलाल, मऊ पडली की रुतब, सुकली की तमर. आपला पाऊस खलालमध्येच गाठतो. फळाला चिरा पडतात, चिरांत पाणी, पाण्यात बुरशी. कच्छमध्येही हाच प्रॉब्लेम आहे, तिथे वर्षाला साधारण चारेकशे मिलिमीटर पाऊस पडतो तरीसुद्धा! म्हणून कच्छवाल्यांनी शहाणपणा केला, पिकायची वाट बघायचीच नाही, मुंद्र्याच्या बाजूचे शेतकरी खलाल असतानाच घड उतरवतात. आत्ता दादरला, क्रॉफर्ड मार्केटला हातगाडीवर लाल-पिवळे काडीसकट झुपके दिसतायत ना, ओली खारीक म्हणून, तेच ते. त्यात बरही नावाची पिवळी जात कच्चीसुद्धा गोड लागते, मूळची इराकमधल्या बसऱ्याकडची. कच्छच्या या खारकेला 2024 मध्ये जीआय टॅगही (भौगोलिक मानांकन) मिळाला. तर कच्छला जे चारेकशे मिलिमीटरमध्ये जमत नाही ते चेंबूरला दोन हजारांच्या वर पाऊस झेलून जमवू नका. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पडला होता, म्हणजे कच्छचा दोन वर्षांचा पाऊस चोवीस तासांत.

तोडायचं मात्र अजिबात नाही. एक तर झाड तोडायला 1975 च्या झाडांच्या कायद्याखाली महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, आणि "माश्या होतात" या कारणावर ती मिळेल असं मला वाटत नाही. दुसरं म्हणजे उपाय सोपा आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये मादीचा फुलोरा बाहेर आला की माळ्याला शिडीवर चढवून तो कापून टाका, फळच धरणार नाही. काटे बघून हां, पानाच्या बुडाशी जे काटे असतात ते काटे नाहीत, सुया आहेत. चष्मा लावल्याशिवाय कुणाला चढू देऊ नका.

अजून एक, फोटोत नर झाडाची वरची पानं सुतळीनं बांधलेली दिसतायत. ट्रकमधून आणताना बांधतात ते कुणी सोडलंच नाही का? किती वर्षं झाली? आजच सोडा! बांधलेल्या पानांच्या आत हवा जात नाही, पाणी साचतं आणि गाभा कुजतो. मी दोन-तीन नवीन टॉवर्सच्या गेटवर असेच बांधलेले पाम सुकून गेलेले बघितलेत, खाली माळी मन लावून पाणी घालतोय आणि वर फास तसाच.

प्रश्न: माझ्या सायकस पामवर मुंग्या आणि हिरव्या अळ्या आल्यात, आणि नोलिना पामचा बुंधा मऊ पडलाय. दोन्हीला काय टाकू? (बोरिवली)

दोन्ही पाम नाहीत. दुकानदार म्हणतात म्हणून आपणही म्हणतो. सायकसला फुलंच येत नाहीत, शंकू येतो, पामशी नातं नाही. त्याच्या कोवळ्या पानांवरच्या अळ्या एका छोट्या निळ्या फुलपाखराच्या आहेत, मुंग्या त्यांची राखण करतात. नवीन पानं उलगडत असतात तेवढे आठ-दहा दिवस रोज सकाळी जोरात पाणी मारा, पान कडक झालं की त्या खात नाहीत. नोलिनाचा बुंधा म्हणजे त्याची पाण्याची टाकी, ती मऊ पडली म्हणजे आत सडलंय. दाबून बघा, एका बाजूलाच असेल तर तेवढं कापून सुकवा, सगळीकडे असेल तर कुंडी रिकामी झाली समजा.

प्रश्न: वाढदिवसाला मित्रांनी बिस्मार्किया पाम दिला. आणला तेव्हा चांदीसारखा होता. आमच्या बाल्कनीत चार महिन्यांत हिरवट झालाय. आई दर रविवारी ओल्या फडक्यानं पानं पुसते, तरी चमक येत नाहीये. (दादर)

आईंना माझा नमस्कार सांग आणि फडकं काढून घे. ती चांदी म्हणजे पानावरचा मेणाचा थर आहे रे, दर रविवारी आई तोच पुसतायत! बोटानं एका कोपऱ्यात घासून बघ, बोटाला पांढरी पावडर येईल आणि खाली हिरवं पान दिसेल. एकदा गेलेला थर त्या पानावर परत येत नाही, नवीन पान चांदी घेऊन येतं. तेही ऊन असेल तर. तुझी बाल्कनी पूर्वेची, समोर दहा फुटांवर दुसरी बिल्डिंग, तिथे नवीन पानही हिरवट येणार.

पावसाची काळजी मात्र नको करू, वाळवंटी दिसणाऱ्या पामांत मुंबईला सगळ्यात मानवणारा हाच. हा मादागास्करच्या पश्चिम आणि उत्तरेकडच्या माळरानांवरचा. तिथेही आपल्यासारखंच, काही महिने धो धो आणि मग कडक कोरडं. लोक विसरतात की मुंबई म्हणजे बारा महिने ओली नाही, ऑक्टोबर संपला की मे अखेरपर्यंत इथे नावाला पाऊस. त्या सात महिन्यांत मुळं श्वास घेतात आणि त्याच्यावर चार महिने निभावतात.

काळजी वेगळीच आहे. तुझ्या मित्रांना बहुतेक कुणी सांगितलं नाही की याचं एक एक पान मोठेपणी तीन मीटरपर्यंत रुंद होतं. तुझी बाल्कनी किती रे? बिस्मार्कचं, जर्मनीच्या चॅन्सेलरचं नाव उगाच नाही दिलेलं. अजून दोन-तीन वर्षं कुंडीत ठेव, मग गावी जागा असेल तर जमिनीत लाव, आणि कुंडी बदलताना मुळांना हात लावू नकोस. याला मुळं दुखावलेली अजिबात सहन होत नाहीत. कुंडी कापायची, मातीचा गोळा जसाच्या तसा उचलायचा. रोपं विकणारे लोक मुळं मोकळी करून लावा म्हणतात, ते गुलाबाला ठीक.

प्रश्न: वसईला आमच्या वाडीत नारळांच्या शेजारी हौसेनं चार खजूर लावलेत. पानं उलगडली की कात्रीनं नक्षी कापल्यासारखी दिसतात. एकाच्या खोडातून तपकिरी चिकट पाणी येतंय. (वसई)

तुम्ही वाडीवाले, तुम्हाला मी काय सांगणार, पण पत्रात "खजुराचा काही वेगळा रोग" असं लिहिलंय म्हणून सांगते. वेगळा काही नाही, तुमच्या नारळाचेच पाहुणे आहेत. नक्षी म्हणजे गेंड्या भुंगा. तो मिटलेली पात पोखरतो आणि ती उलगडली की पंख्यासारखी कापलेली दिसते. तारेच्या हूकनं ओढून काढा, आणि वरच्या पानांच्या बेचक्यांत तीन-चार डांबरगोळ्या ठेवून वर बारीक वाळू टाका, दीड महिन्यानं बदला. आणि शेणखताचा खड्डा उकरा, कारखाना तिथे आहे. पांढऱ्या, जाड, वाकड्या अळ्या मिळतील, कोंबड्यांना घाला.

चिकट पाणी मात्र जास्त गंभीर. तो सोंड्या भुंगा. खोडाला कान लावा, रात्री शांत असताना, आत कुरतडल्याचा आवाज येतो. मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा अंगावर काटा आला होता, कुणीतरी कच्ची काकडी खातंय असं वाटतं. हा लाल भुंगा जखमेच्या वासानं येतो, गेंड्यानं पाडलेली भोकं आणि आपण कापलेली हिरवी पानं त्याला आमंत्रण देतात. म्हणून पावसाळ्यात हिरवं पान कापायचं नाही आणि खोडाला खिळा मारून लायटिंग लावायचं नाही. आवाज येत असेल तर थांबू नका, त्या झाडाचा फोटो घेऊन तालुक्याच्या कृषी अधिकाऱ्याकडे जा, नाहीतर दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठात किंवा रत्नागिरीला भाट्याच्या नारळ संशोधन केंद्रात विचारा. एक झाड वाचवता वाचवता शेजारचे तीसेक नारळ धोक्यात जातात, आणि ते नारळ तुमच्या आजोबांनी लावलेत असं तुम्हीच लिहिलंय.

प्रश्न: मी कॉलेजला आहे. मला निळे पाम खूप आवडतात. ऑनलाइन मेक्सिकन ब्लू पाम आणि मझरी पामच्या बिया मिळतायत. आमची गच्ची वापरायची परवानगी मिळालीये. घेऊ का? आणि पावसात प्लास्टिकनं झाकले तर चालेल का? (विलेपार्ले)

प्लास्टिकचं आधी सांगते, कारण तो माझा गुन्हा आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी मी एका नर्सरीतून वॉशिंग्टोनिया आणला. कॅलिफोर्नियाच्या वाळवंटातला, जाड खोडाचा, पानांच्या कडेनं पांढऱ्या दोऱ्या लोंबतात तो. जून लागला तसं मला वाटलं गाभ्यात पाणी नको जायला, म्हणून मोठी कॅरीबॅग उलटी घालून रबर लावलं. फार हुशार वाटत होतं स्वतःला. पंधरा दिवसांनी पिशवी काढली तर आतून सगळी दहिवरलेली, भाजीच्या डब्याच्या झाकणासारखी, आणि आत गरम. गाभा हाताला लागला तोच हातात आला. पाऊस आत गेला नव्हता, पण हवाही गेली नव्हती. झाकायचंच असेल तर वर पत्र्याची किंवा पॉलीकार्बोनेटची तिरकी शेड हवी, चारी बाजू उघड्या. नंतर कळलं की त्याचाच बारीक खोडाचा मेक्सिकन भाऊ, रोबस्टा, तो दमट हवेत खूपच बरा टिकतो. लेबलवर दोन्हीला नुसतं "वॉशिंग्टोनिया" लिहितात.

आता तुझे निळे. मेक्सिकन ब्लू बाहा कॅलिफोर्नियाचा, मझरी बलुचिस्तान-अफगाणिस्तानकडचा. दोन्ही सुंदर, वादच नाही. पण त्यांच्याकडे जो काही थोडा पाऊस पडतो तो मुख्यतः थंडीत पडतो. गार आणि ओलं त्यांना कळतं, गरम आणि कोरडं कळतं. गरम आणि ओलं एकत्र, तेही चार महिने सलग, हे त्यांच्या ध्यानीमनी नसतं. वाढतात इतके हळू की तीन पावसाळे काढून चौथ्या पावसाळ्यात मेला तर तेव्हाही ते गवताच्या काडीएवढंच असतं. पैसे तुझे आहेत, पण मी नाही घेणार.

मी तुझ्या जागी असते तर रावण ताड लावला असता. ऐकलायस? पाम सहसा एकच खोड सरळ वर जातो, हा मात्र मध्येच दुभंगतो, मग परत दुभंगतो, मोठं झाड दहा तोंडांचं दिसतं म्हणून रावण. दीवला गेलास तर रस्त्यानं जाताना दिसतात, पहिल्यांदा बघितल्यावर आफ्रिकेत आल्यासारखं वाटतं. खरंच त्याची सख्खी भावंडं आफ्रिकेत आहेत, नाईलकाठचा दौम पाम, ज्याची फळं इजिप्तच्या जुन्या थडग्यांत सापडतात. पण हा आपला, भारताच्या पश्चिम किनाऱ्याचा. पंख्यासारखी राखाडी-हिरवी पानं, कोरडा उन्हाळा सोसतो आणि इथला पाऊसही पिढ्यान्‌पिढ्या बघत आलाय. आणि आता कमी होत चाललाय, त्यामुळे बी मिळाली तर फक्त पडलेल्या फळाची घ्यायची, झाडावर दगड मारायचे नाहीत.

बी मिळाली की तीन-चार दिवस पाण्यात भिजव, रोज पाणी बदल. आणि कुंडीत नको लावू! ताड, रावण ताड, बिस्मार्किया, या तिघांची बी आधी वर येत नाही, खाली जाते. एक जाड देठ निघतो, तो वीतभर, हातभर खोल शिरतो आणि मग तिथून पान वर यायला लागतं. सहा इंचाच्या कुंडीत तो तळाला आपटतो, गोल फिरतो आणि तिथेच कुजतो. मग लोक म्हणतात बी खराब होती. प्लंबरकडे चार इंची पीव्हीसी पाइपचे तुकडे पडलेले असतात, दोन-अडीच फुटांचा एक माग, चहाच्या पैशात देतो. लांबीत उभा चीर दिलेला असला तर उत्तम, पुढे झाड काढताना पाइप उघडता येतो, तोपर्यंत सुतळीनं बांधून ठेव. खालचं तोंड जाळीनं बंद कर, आत वाळू आणि लाल माती निम्मी-निम्मी, बी वरून इंचभर खाली आडवी. पाइप विटांवर उभा कर, भिंतीला बांध, नाहीतर कावळे पाडतात. पान दिसायला कधी दोन महिने लागतात, कधी त्याहून खूप जास्त, तेवढ्यात उकरून बघायचा मोह होणारच, उकरू नकोस.